सोमवारपर्यंत खरं करा

आमचं मोटारसायकल मंडळ पहिले तीन दिवस खोटं होतं. चौथ्या दिवशी ते खरं झालं. मंडळाच्या कार्यक्रमाला पाहुणे येतात, 'समाजसेवेच्या उदात्त प्रेरणेतून' वगैरे बोलतात, आणि आम्ही जुने दोघेतिघे खाली मान घालून हसू दाबतो. प्रेरणा कसली डोंबलाची. एक फुरसं होतं, एक मेमो होता, आणि खोट्यावर सही न करणारे एक साहेब होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरीत तुरुंगात हवालदार होतो. बाहेरच्यांना वाटतं, तुरुंगाची नोकरी म्हणजे दंडुका. खरं म्हणजे ती मोजणी आहे. सकाळी बराकी उघडताना कैदी मोजायचे, संध्याकाळी बंद करताना मोजायचे. दोन्ही आकडे जुळले की दिवस पार पडला. मधल्या वेळात कोण आजारी आहे, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचं पत्र दोन महिन्यांत आलं नाही, यावर डोळा ठेवायचा. भिंतीवरून उडी मारणारे फार थोडे. आतल्या आत खचणारे पुष्कळ.

ड्यूटी संपली की आमचा प्रश्न सुरू व्हायचा. जायचं कुठे? गावात आम्हाला कुणी वाईट वागवत नसे, पण घरी या असंही कुणी म्हणत नसे. "कुठे असता?" "जेलात." एवढं झालं की बोलणं हवापाण्यावर यायचं. त्यामुळे आम्ही चौघांनी एकमेकांच्या नादाने मोटारसायकली घेतल्या. माझी जुनी बुलेट, एका निवृत्त फौजीकडून घेतलेली. इब्राहिम मुकादमची राजदूत. बाकी दोघांच्या अशाच कुणाकुणाच्या वापरलेल्या. रविवारी त्या आंघोळ घातल्यासारख्या धुवायच्या, गावातून एक फेरी मारायची आणि परत क्वार्टरवर यायचं. लोक म्हणायचे, "आले जेलवाले फटफटत."

इब्राहिम माझ्या हाताखालचा शिपाई. खाडीकाठचा, तांडेलांच्या घरातला. त्याच्या सात पिढ्या समुद्रावर गेल्या आणि हा एकटा तुरुंगात आला, म्हणून त्याचा बाप शेवटपर्यंत त्याच्यावर नाराज होता. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला नट ढिला झालाय ते तो सांगायचा. बोलायचा कमी.

भातकापणीचे दिवस होते. मी फाटकावर होतो. अकराच्या सुमाराला एक माणूस आला. पायात चप्पल नाही, हातात कापडी पिशवी छातीशी धरलेली.

"शांतारामला भेटायचंय. मी भाऊ त्याचा, काशिनाथ."

शांताराम आमचा जुना कैदी. हेदवीच्या बाजूचा. बांधावरून मारामारी झाली, त्यात समोरचा माणूस गेला, त्याची शिक्षा भोगत होता. तुरुंगातल्या हातमागावर काम करायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"आज मुलाखतीचा दिवस नाही," मी म्हटलं. "बुधवारी या."

तो गेला नाही. तिथेच उभा राहिला. मग म्हणाला, "त्याच्या पोरीला फुरश्यान चावलान. काल. भाताचे भारे उचलीत होती."

शांतारामची मुलगी नऊ वर्षांची, एवढं मला ठाऊक होतं. तिची पत्रं मीच तपासून आत द्यायचो. कोकणात राहिलेल्याला फुरसं समजावून सांगायला नको. वीतभर साप, पण त्याचं विष रक्त पातळ करतं. नागासारखं घटकेत संपवत नाही. एक दिवस, दोन दिवस हिरड्यांतून, नाकातून रक्त येत राहतं. वेळ असतो, आणि तोच माणसाला फसवतो. त्यांच्या बाजूच्या दवाखान्यातलं औषध आधीच्या दोन रुग्णांना लागून संपलं होतं. तिथल्या डॉक्टरने चिठ्ठी देऊन काशिनाथला उजाडताच रत्नागिरीला पाठवलं होतं. औषध त्याला मिळालं होतं. पिशवीत दहा काचेच्या बाटल्या होत्या.

"मग इथे काय करताय? निघा की."

"जयगडची गाडी गेली. आता साडेचारची. ती पोचेस्तवर होडी बंद होते. म्हटलं तवर भावाला सांगू या."

मी घड्याळ बघितलं. गाडीने गेला तर खाडीच्या या काठावर रात्र काढणार आणि बाटल्या पिशवीतच राहणार. आमच्या मोटारसायकली क्वार्टरसमोर धुऊन पुसून उभ्या होत्या. मी दुसऱ्या शिपायाला फाटकावर उभं केलं आणि अधीक्षक साहेबांकडे गेलो.

साहेब साताऱ्याकडचे. बोलणं मोजकं, कागद पक्का. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी तुम्हाला पाठवू शकत नाही, कदम."

"हो, साहेब."

"कैद्याच्या घराशी आपला काही संबंध नाही. तुम्ही आणि मुकादम किरकोळ रजेचे अर्ज लिहा."

"कारण काय लिहू?"

"घरगुती लिहा. कुणाच्या घरचं, त्याला अर्जात रकाना नाही."

दहा मिनिटांत आम्ही निघालो. अंगात खाकी पँट तशीच, वर साधा शर्ट. काशिनाथ इब्राहिमच्या मागे. बाटल्या आमच्याच मागावर विणलेल्या पंच्यांत एकेक गुंडाळून मी पोटाशी बांधल्या होत्या. हातखंबा गेलं, निवळी गेली, आणि पुढे जाकादेवीच्या रस्त्याला लागल्यावर इब्राहिमने राजदूतचा कान असा काही पिळला की मला बुलेट असून मागे पडायला झालं. वळणावर वळण, दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं गवत, मध्येच लाल कातळ. प्रत्येक खड्ड्याला मी पाय रोवून सीटवरून उठायचो, म्हणजे दणका गुडघ्यात जावा, बाटल्यांत नाही. भीती वाटत होती, हे खरं. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी कुणाला तरी आत ठेवण्यासाठी नाही, तर कुठेतरी पोचण्यासाठी धडपडत होतो, आणि त्या आनंदाची मला लाजही वाटत होती.

जयगडला पोचलो तर ओहोटी. धक्क्याखाली चिखल उघडा पडलेला. होडीवाल्याने आमच्या गाड्यांकडे बघून मान हलवली.

"ह्या दोन नाय चढायच्या. आणि ही म्हस तर नायच." म्हस म्हणजे माझी बुलेट.

"बारकी चढेल?" इब्राहिमने विचारलं.

"चढेल. पडली तर माझ्यावर नको."

बुलेट एका दुकानाच्या पडवीत सोडली. राजदूत दोन फळ्यांवरून चौघांनी ढकलत होडीत घेतली, मधोमध उभी केली. एका बाजूने मी धरली, दुसऱ्या बाजूने काशिनाथने. मी संगमेश्वरकडच्या डोंगरातला. पोहता येत नाही. खाडीच्या मध्यावर होडीने एक झोका खाल्ला, गाडी माझ्या अंगावर कलली, आणि तिच्या वजनासकट मी काठावर टेकलो. पाणी माझ्या पाठीला लागलं. मी एका हाताने गाडी सोडून पोटावरच्या बाटल्या धरल्या.

"कदम, गाडी धर," इब्राहिम शांतपणे म्हणाला. "बाटल्या तुला बांधल्यात. तू पडलास तरी त्या तुझ्याबरोबरच येणार." मग त्याने पाय पसरून उभं राहत हँडल आपल्याकडे ओढलं आणि दुसऱ्या काठापर्यंत तसंच धरून ठेवलं. त्याच्या बापाने ते बघायला हवं होतं.

तवसाळला उतरल्यावर एका राजदूतवर आम्ही तिघं. सरकारी नोकरीत मी उघडपणे मोडलेला कायदा तो एवढाच. चढ आला की मी आणि काशिनाथ उतरून धावायचो, सपाटी आली की उडी मारून बसायचो. हेदवीच्या अलीकडे मागच्या चाकात खिळा गेला. पुढचा दीड मैल इब्राहिमने एकट्याने बसक्या चाकावर गाडी नेली आणि आम्ही दोघं मागून पळत गेलो.

दवाखान्याच्या ओट्यावर शांतारामची बायको उभी होती. तिने आधी इब्राहिमची खाकी पँट बघितली, मग माझी.

"गेले काय ते?" तिने विचारलं.

मला समजायला क्षणभर वेळ लागला. तिच्या लेखी आम्ही औषध घेऊन आलेलो नव्हतो. आम्ही तुरुंगातून आलो होतो, म्हणजे नवरा मेल्याचा निरोप घेऊन आलो होतो. खाकी तिच्या दारात दुसऱ्या कुठल्या कारणाने कधी आलीच नव्हती.

"दादा बरा हाय गो वयनी," काशिनाथ धापा टाकत म्हणाला. "ह्यांनी औषध आणलानी."

डॉक्टर पोरसवदा होता, कॉलेजातून नुकताच आलेला. त्याने बाटल्या मोजल्या. दहाच्या दहा शाबूत होत्या. मुलगी खाटेवर पडली होती, पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा, ओठांच्या कडेला सुकलेलं रक्त. डॉक्टरने सलाइनमधून औषध सोडलं आणि म्हणाला, "आता बसा." आम्ही बसलो. मोजायची सवय असल्यामुळे मी सलाइनचे थेंब मोजत राहिलो. दिवस मावळायच्या आत हिरड्यांचं रक्त थांबलं. मुलीने डोळे उघडून आईकडे भाकरी मागितली, तेव्हा इब्राहिम उठून बाहेर गेला आणि चाकाचं पंक्चर काढायला बसला.

होडी बंद झाली होती, म्हणून त्यांच्या घरी राहिलो. भात आणि कुळथाचं पिठलं जेवलो. सकाळी परत निघालो.

दुपारी मी थेट मागावर गेलो. बातमी आमच्या आधी आत पोचली होती. तुरुंगाच्या भिंती माणसांना अडवतात, बातम्यांना नाही. शांताराम माग थांबवून उभा होता.

"पोर?"

"बरी आहे. रक्त थांबलं. भाकरी मागत होती."

त्याने धोटा खाली ठेवला. मला वाटलं आता पाया पडेल, आणि मी ते टाळायच्या तयारीत होतो. तो म्हणाला, "हवालदार, काल मला का नाय सांगितलंत?"

"आत बसून तू काय केलं असतंस?"

"घाबरलो असतो," तो म्हणाला. "बाप हाय मी. तेवढं तरी माझं होतं."

त्याच्या पोरीसाठी खाडी ओलांडली, पण फाटकापासून मागापर्यंतची शंभर पावलं चाललो नाही, हे आजही मला टोचतं.

दहाएक दिवसांनी, एका गुरुवारी, वरून मेमो आला. कुणीतरी निनावी पत्र पाठवलं होतं, की तुरुंगाचे दोन कर्मचारी कैद्याच्या घरी गेले, जेवले, मुक्काम केला. शब्द न् शब्द खरा होता. आणि नियमही बरोबर होता. आज भात, उद्या बिडी, परवा गज कापायची कानस, अशीच पायरी असते, मी स्वतः नव्या शिपायांना हे शिकवायचो. मेमोत विचारलं होतं, कोणत्या नात्याने गेलात? खुलासा करावा.

खुलासा लिहायचं काम पटवर्धनांचं. ते आमचे हेड क्लार्क. सायकलशिवाय दुसरं वाहन त्यांनी कधी चालवलं नव्हतं, पण सरकारी मराठी अशी चालवायचे की वाचणाऱ्याने बाजूला व्हावं. त्यांनी टाइप केलं, 'सदर कर्मचारी हे तुरुंग कर्मचाऱ्यांच्या धर्मादाय मोटारसायकल मंडळाचे सभासद आहेत; अडलेल्यास वाहन पुरविणे हे मंडळाचे ध्येय आहे.'

साहेबांनी कागद दोनदा वाचला. मी आणि इब्राहिम समोर उभे.

"पटवर्धन, हे मंडळ कधी निघालं?"

"साधारण सव्वाअकराला, साहेब. दुसरा परिच्छेद टाइप करताना."

"म्हणजे खोटं आहे."

"'सभासद होते' असं मी लिहिलेलं नाही, साहेब. 'आहेत' असं लिहिलंय. आज झाले तर आहेत."

साहेबांनी चष्मा काढला. "खुलासा चांगला आहे. पण मी खोट्यावर सही करत नाही. सोमवारच्या टपालाने हा कागद जाईल. तोपर्यंत खरं करा. मंडळ काढा, आणि मंडळाने काहीतरी केलेलं असू दे. शांतारामच्या पोरीचं धरू नका. ज्याचं तुरुंगाशी काही नातं नाही, अशा माणसाचं काम पाहिजे. नाहीतर मी साधा खुलासा पाठवतो आणि तुम्ही दोघं काय होईल ते भोगा."

शुक्रवार-शनिवार आम्ही मंडळाची घटना लिहिली. सात सह्या हव्या होत्या आणि मोटारसायकली चार, म्हणून 'सभासदाकडे वाहन असावे अथवा वाहनाची आवड असावी' असं कलम पटवर्धनांनी घातलं आणि त्याखाली पहिली सही स्वतःची केली. रविवारी सकाळी चार गाड्यांवर आम्ही सातजण सरकारी इस्पितळाच्या दारात जाऊन उभे राहिलो.

आम्हाला ओळखून रखवालदार धावत आला. "कोण पळाला?"

"कुणी पळालं नाही. कुणाला काही मदत हवीय का, विचारायला आलोय."

त्याचा विश्वास बसला नाही. पुण्य करायला निघालेल्या माणसाला कुणी अडलेला भेटत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तासभर आम्ही वडाखाली उभे. एकाने एसटी स्टँडवर सोडा म्हटलं. "हा कामात धरायचा का?" पटवर्धनांनी माझ्या कानात विचारलं. स्टँड समोर दिसत होता.

मग एक सिस्टर लगबगीने बाहेर आली. तिच्यामागे धोतर नेसलेला एक म्हातारा. त्याची मुलगी बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा रक्तगट दुर्मीळ. म्हाताऱ्याच्या पुतण्याचं रक्त जुळत होतं, त्याने एकदा दिलंही होतं. पण पुतण्या पावस गावाच्या पुढे एका बागेत गवत काढायला गेलेला, आणि ती बाग फक्त म्हाताऱ्याला ठाऊक. आणखी एका रक्तदात्याचा पत्ता सिस्टरकडे होता, तिकडे आमच्या दोन गाड्या सुटल्या.

इब्राहिमने राजदूत म्हाताऱ्यापुढे आणली. "बसा, नाना."

नाना बसायला पुढे झाले आणि थांबले. "कुठले तुम्ही?"

"जेलातले," इब्राहिम म्हणाला.

नाना एक पाऊल मागे सरले. आम्ही रविवारचे साध्या कपड्यांत होतो. "कधी सुटलात?"

मी तोंड उघडणार होतो. पण समजावून सांगायला दोन मिनिटं लागली असती.

"अजून नाही सुटलो," इब्राहिम म्हणाला. "संध्याकाळच्या आत परत जायचंय. चला."

नानांनी त्याच्याकडे पाहिलं, एकदा इस्पितळाच्या दाराकडे पाहिलं. मग धोतराचा सोगा खोचला, मागे बसले आणि दोन्ही हातांनी इब्राहिमच्या कमरेला घट्ट मिठी मारली. भाट्याच्या पुलावर मी मागून बघत होतो. त्यांनी डोळे मिटले होते आणि गाल इब्राहिमच्या पाठीला टेकवला होता. कैद्याच्या पाठीला, त्यांच्या समजुतीप्रमाणे.

पुतण्या सापडला. त्याला विळ्यासकट मी बुलेटवर घातला. पाऊण तासात इस्पितळात परत. दुसरा रक्तदाताही पोचला होता. दुपारी सिस्टरने येऊन बाई आणि बाळ दोन्ही ठीक असल्याचं सांगितलं, आणि पटवर्धनांनी आपल्या खिशातल्या वहीत 'कार्य क्रमांक एक' असं लिहिलं. सोमवारी साहेबांनी ते वाचलं, सही केली, आणि टपाल गेलं. त्या मेमोचं पुढे काही झालं नाही. मंडळाची मात्र रीतसर नोंदणी झाली.

बुधवारी मुलाखतीच्या खिडकीवर मी होतो. नातेवाइकांची रांग होती. रांगेत नाना. हातात केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी.

"कुणाला भेटायचंय?"

त्यांनी मला ओळखलं नाही. "इब्राहिमला. फटफटीवाला. गुन्हा काय तो मला ठाऊक नाय, पण माणूस चांगला हाय. एवढे दोन घास त्याला द्यायचेत."

मला खुलासा करता आला असता. मी चिठ्ठी लिहिली आणि आत पाठवली. इब्राहिम जाळीपलीकडे आला तो पूर्ण गणवेशात, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. नानांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"म्हणजे तू कैदी नायस."

"नाही, नाना. शिपाई आहे."

"मग सांगितलं का नायस?"

"वेळ नव्हता. आणि तुम्ही बसलात की तसेच."

नाना थोडे हिरमुसले. "वाटभर येताना चार गोष्टी तयार केल्या होत्या तुला सांगायला. माणूस चुकतो, पण खचायचं नाय, असं काय काय. सगळं फुकट गेलं."

"सांगा की," इब्राहिम म्हणाला, आणि कैद्यांच्या बाकावर बसला.

नानांनी सांगितलं. मुलाखतीची वेळ संपेपर्यंत ते जाळीला तोंड लावून सांगत होते आणि इब्राहिम टोपी मांडीवर ठेवून ऐकत होता. शेजारी शांतारामची बायको नवऱ्याला भेटायला आली होती. मुलीचा पाय पुन्हा जमिनीवर टेकू लागल्याचं ती त्याला सांगत होती. घंटा झाली. नाना उठले आणि म्हणाले, "आता तुला कुणाची परवानगी लागणार नाय. रविवारी घरी जेवायला ये. पोरगी म्हणते, बघायचाय तुला." मग मलाही ओळखून माझ्याकडे वळले. "तुम्हीपण या. किती जण आहात?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत रत्नागिरीत मला कुणी जेवायला बोलावलं, ते हे पहिलं.

"सात," मी म्हटलं, आणि मोजणीत चूक नको म्हणून पुन्हा एकदा मनात मोजले.